बाजेखालची शेगडी आणि गाडीतली गरम सीट

ज्यांना कार्यक्रम ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी ही संहिता. या वेळी विषय जरा वेगळा आहे. शिवकालीन किल्ले नाहीत, पेशवाई नाही. आज बोलायचंय ते तुम्ही रोज ज्यावर बसता त्या वस्तूच्या इतिहासाबद्दल, म्हणजे तुमच्या गाडीच्या सीटबद्दल. बटण दाबलं की मागेपुढे सरकणारी आणि बटण दाबलं की गरम होणारी सीट. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विशेषतः ज्यांचे आई-बाबा येत्या हिवाळ्यात येणार आहेत त्यांनी.

गरम सीटची कल्पना अमेरिकेने शोधून काढली असं कुणी म्हटलं तर माझ्या आजीने ते मान्य केलं नसतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची पद्धत होती. सुंभाने विणलेली बाज, वर गोधडी, खाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. कंबरेला शेक बसायचा. पण या सगळ्यात एक गोष्ट आजच्या गाड्यांमध्ये नाही अशी होती: शेगडीपाशी एक म्हातारी बसलेली असायची. ती अधूनमधून गोधडीखाली हात घालून बघायची, निखारे जास्त फुलले तर राख टाकायची, आणि बाळंतिणीचा डोळा लागला तर शेगडी बाहेर ओढायची. आजच्या भाषेत सेन्सर, कंट्रोलर आणि ऑटो शट-ऑफ, सगळं एका नऊवारीत. मी आयटीत कन्सल्टिंग करतो, त्यामुळे मला हे असंच दिसतं. माफ करा.

आता फेब्रुवारी २०२१. टेक्ससमध्ये जे होते त्यांना तो आठवडा सांगायला नको, पण न्यू जर्सीवाल्यांसाठी सांगतो. सोमवारी, १५ तारखेला पहाटे राज्याची वीजव्यवस्था कोलमडायला आली आणि घराघरांतली वीज तोडायला सुरुवात झाली. मंगळवारी सकाळी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे २ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे १९ सेल्सिअस. त्याआधी इतकी थंडी इथे १९४९ साली पडली होती. आमचं फ्रिस्कोमधलं घर वीज गेल्यावर काही तासांत थंडगार झालं. माझे बाबा तेव्हा आमच्याकडे होते. लॉकडाऊनमुळे अडकलेले, व्हिसाची मुदत वाढवून राहिलेले. वय एकाहत्तर, आणि मधुमेह वीस-बावीस वर्षांचा.

मी गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, मागच्या सायलेन्सरपाशी साचलेला बर्फ फावड्याने बाजूला केला, गॅरेजचं दार बंद केलं आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही एवढं मला कळत होतं. त्या दिवसांत टेक्ससमध्ये कार्बन मोनॉक्साइडनेही माणसं गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळातले एकूण २४६ मृत्यू मोजले. तर मी स्वतःला शहाणा समजत होतो. सीट हीटरचं बटण सगळ्यात वरच्या पायरीवर, बाबांच्या मांडीवर गोधडी, दोन्ही बाजूंनी नीट खोचलेली. बाबा म्हणाले, "आता कसं बरं वाटतंय रे." ते दोनेक तास बसले, थोडे झोपलेही.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी आईला त्यांच्या मांडीच्या मागच्या बाजूला लालभडक पट्टा दिसला. त्यात तळहाताएवढा फोड. बाबांना काहीच कळलं नव्हतं. "आग होत नव्हती का हो?" असं आईने विचारलं तर म्हणाले, "छे, मला तर गरमसुद्धा लागत नव्हतं फारसं." रस्ते मोकळे झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, यांना मधुमेहामुळे कमरेखाली संवेदना कमी आहे, चटका बसलेला कळणारच नाही. जखम भरायला सात आठवडे लागले. गाडी कुठली हे मी सांगणार नाही, कारण त्यात त्या कंपनीचं वेगळेपण काही नव्हतं, आणि पुढे वाचाल तेव्हा माझं म्हणणं लक्षात येईल. पण त्या सात आठवड्यांत रोज ड्रेसिंग बदलताना मी या विषयाचं वाचन सुरू केलं.

पहिली गोष्ट कळली ती भाजण्याच्या गणिताची. आपल्याला वाटतं भाजायला उकळतं पाणी किंवा तापलेला तवा लागतो. १९४७ साली हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी डुकरांवर आणि काही माणसांच्या कातडीवरही मोजमाप करून दाखवलं की तापमान आणि वेळ या दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो. ६० अंश सेल्सिअसला कातडी पाचेक सेकंदांत भाजते. ४९ अंशांना दहाएक मिनिटं लागतात. आणि ४४ अंशांना, जे तापमान हाताला नुसतं कोमट-गरम वाटतं, तिथे सहा तास लागतात, पण भाजते. मधल्या टप्प्यात दर एका अंशाला लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो. म्हणजे ४५ च्या जागी ४८ झाले तर तुमच्या तासांची मिनिटं होतात. धडधाकट माणूस मांडी चाळवतो, बूड हलवतो, "फारच गरम झालं बुवा" म्हणून बटण बंद करतो. ज्याला जाणीवच होत नाही तो बसून राहतो. मधुमेही, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले, मणक्याला इजा झालेले, झोपेची किंवा दुखण्याची गोळी घेतलेले.

आपल्याच देशात याचा जुना दाखला आहे. काश्मिरी लोक फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतात. वर्षानुवर्षं त्या शेकाने मांड्यांवर आणि पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. १८६६ मध्ये एल्मस्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरने त्याच जागी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाबद्दल लिहिलं. तो कांगडी कॅन्सर म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत गेला. अगदी तसेच जाळीदार डाग आता त्वचारोगतज्ज्ञांना गाडीची गरम सीट रोज तासन् तास वापरणाऱ्यांच्या मांडीमागे दिसू लागले आहेत.

आता गाडीकडे वळू. गाडीत वीज मुळात आली ती सुखासाठी नाहीच. तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीतल्यांनी लहानपणी अॅम्बेसेडरला किंवा फियाटला पुढून हँडल मारताना बघितलं असेल. ते हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. म्हणजे गाडीतली पहिली मोठी विजेची सोय ही सुरक्षिततेचीही सोय होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे हेडलाइट, वायपर, रेडिओ, सगळं त्याच बॅटरीवर. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या, कारण मोठी इंजिनं आणि वाढत्या विजेच्या सोयी जुन्या बॅटरीला झेपेनात.

बॅटरी म्हटलं की फ्रिस्कोची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज ज्या गावात आपण इंडियन स्टोअर, हनुमानाचं मंदिर आणि तीन-तीन मराठी भिशी गट बघतो, ते १९९० साली सहा हजारांच्या आसपास वस्तीचं रेल्वेचं गाव होतं. नावही रेल्वेचंच, सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को कंपनीवरून पडलेलं. आणि गावाच्या मधोमध गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना होता, एक्झाइडचा. २०१० साली त्या कारखान्याभोवतीची हवा शिशाच्या मर्यादेत बसत नाही असं केंद्राच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं. गावात मुलाबाळांची घरं वाढत होती, लोकांनी सभा भरवल्या, आणि २०१२ च्या अखेरीस कारखाना बंद झाला. २०२० च्या जनगणनेत फ्रिस्को दोन लाखांवर गेलं. आपल्यातले बहुतेक जण कारखाना बंद झाल्यावर आले, त्यामुळे आपल्याला तो माहीतच नाही. आपण गाडीत बसून बटण दाबतो, त्या बटणामागच्या बॅटरीचा मुक्काम कधीकाळी आपल्याच गावात होता.

तर १२ व्होल्टची बॅटरी आली आणि सीटखाली मोटर बसवणं परवडू लागलं. १९५५ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये चार दिशांना हलणारी पॉवर सीट होती. मागे-पुढे, वर-खाली. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्डला गाडीच्या गरम सीटचं पेटंट मिळालं, जे त्याने १९५१ मध्ये मागितलं होतं. ही सीट प्रत्यक्ष विक्रीला यायला आणखी दहाएक वर्षं गेली. १९६६ च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये जादा पैसे भरून ती घेता येऊ लागली, कार्बनच्या कापडाची पट्टी आत शिवलेली. स्वीडनच्या साबने १९७१ च्या सुमारास ड्रायव्हरची गरम सीट जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्वीडनची थंडी बघता ते बरोबरच होतं. तिथून पन्नास वर्षांत ही चैन टेक्ससमध्ये, जिथे वर्षातले दहा दिवस खरी थंडी पडते, तिथल्या मिनिव्हॅनपर्यंत पोहोचली. आपण गाडी घेताना 'टॉप ट्रिम' घेतो, कारण सनरूफ पाहिजे असतो, आणि त्याच्याबरोबर गरम सीट आपोआप येते. कुणी मागितलेली नसते.

१९६६ हे वर्ष मला फार आवडतं. कॅडिलॅकची गरम सीट त्या वर्षाची. राल्फ नेडरचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आदल्या वर्षाच्या अखेरीला आलेलं, त्यावरून उठलेल्या गदारोळात सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षा कायदा झाला, त्यातूनच पुढे आज ज्याला आपण एनएचटीएसए म्हणतो ते खातं उभं राहिलं. आणि त्याच साली पुण्यात एआरएआय स्थापन झाली, आपल्या देशातल्या गाड्यांची चाचणी करणारी संस्था. पौड रोडच्या बाजूने वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे आजही "एआरएआयच्या टेकडीवर जाऊन आलो" म्हणतात. बाबाही म्हणतात.

त्या अमेरिकन कायद्यातून एकेक नियम तयार झाला. सीट जागेवरून उखडू नये यासाठी एक. विजेच्या काचांमध्ये पोराची मान सापडू नये यासाठी एक. गाडीच्या आतलं कापड किती वेगाने पेटावं यासाठी ३०२ क्रमांकाचा नियम, १ सप्टेंबर १९७२ पासून लागू. त्यानुसार सीटचं कापड, फोम वगैरे आडवं धरून पेटवलं तर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने सरकता कामा नये. आता गंमत बघा. या नियमाच्या उद्देशात आगीची उदाहरणं म्हणून काय लिहिलंय? काडेपेटीची काडी आणि सिगारेट. १९७१ मध्ये तेच बरोबर होतं, तेव्हा सगळे गाडीत धूर काढायचे. पण सीटच्या पोटातच तापणारी तार असणार आहे आणि तिच्याखाली मोटर फिरणार आहे, हे त्या नियमाच्या मनात नव्हतं. आणि सीट जास्तीत जास्त किती गरम व्हावी याचा तर केंद्राचा नियमच झाला नाही. काचेत मान सापडू नये याचा नियम आहे, पण सरकत्या पॉवर सीटखाली बोटं सापडू नयेत याचा तसा वेगळा नियम नाही.

नियम जुना असला तरी निरुपयोगी नसतो, हे २०१४ मध्ये दिसलं. त्या जानेवारीत टोयोटाने अमेरिकेतल्या डीलरांना सांगितलं की कॅमरी, कोरोला, सिएना, अॅव्हलॉन, टॅकोमा यातल्या गरम सीट असलेल्या गाड्या विकणं थांबवा. दक्षिण कोरियात तपासणीसाठी सीट उकलली गेली तेव्हा गरम सीटमधल्या कापडाचा एक थर ३०२ च्या कसोटीला उतरत नाही असं आढळलं होतं. आग कुठेच लागली नव्हती, कुणाला इजा नव्हती. तरी डीलरांकडच्या ३६ हजारांच्या आसपास गाड्या अडकून राहिल्या. कोरियात कुणीतरी सीट फाडून बघितली म्हणून टेक्ससमधल्या डीलरची विक्री थांबली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोयोटाने आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय कॅलिफोर्नियातून आपल्या शेजारी, प्लेनोला आणायचं जाहीर केलं आणि २०१७ मध्ये ते उघडलं. आपल्यातल्या कितीतरी जणांचा पगार आज त्या इमारतींमधून येतो, किंवा त्यांच्या प्रोजेक्टवरून. म्हणून हे प्रकरण मला परकं वाटत नाही.

२०१४ हे एकूणच रिकॉलचं वर्ष होतं. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या दोषाने झालेल्या १२४ मृत्यूंची भरपाई त्यांच्या निधीने मान्य केली, त्या बातम्यांच्या गर्दीत सीटचं एक रिकॉल कुणाच्या लक्षातही आलं नाही. चार लाखांहून अधिक गाड्यांमध्ये पॉवर सीट वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा बोल्ट सैल होऊन पडू शकत होता. बोल्ट पडला की सीट एकदम खाली बसते. टोलवेवर सत्तरच्या वेगात आहात आणि अचानक डोळ्यांसमोर रस्त्याऐवजी डॅशबोर्ड. विचार करून बघा.

मग २०१९ मधलं फोर्ड एक्सप्लोररचं. २०१७ च्या मॉडेलच्या सव्वातीन लाखांवर गाड्या, आणि दोष काय, तर पॉवर सीटच्या लोखंडी चौकटीची कड धारदार होती. सीट आणि मधला कन्सोल यांच्यातल्या फटीत हात घातला की कापायचा. हाताला जखम झाल्याच्या ३१ तक्रारी. आता खरं सांगा, त्या फटीत हात घालत नाही असा कुणी तुमच्या ओळखीत आहे? फोन पडतो, सुपारी पडते, टोलसाठी ठेवलेली चिल्लर पडते. आमच्या सीटखाली तर एकदा गणपतीच्या वेळचा मोदकाचा साचा सापडला, दिवाळीत. तर फटीत हात घालण्याआधी गाडी थांबवा, आणि मागच्या सीटवरचं पोर पुढच्या सीटचं बटण दाबत नाहीये ना ते बघा. बऱ्याच गाड्यांत किल्ली न फिरवताही पॉवर सीट हलते.

आणि अलीकडचं, २०२४ च्या जूनमधलं, जे आपल्या मंडळींच्या ड्राइव्हवेमध्ये थेट येऊन उभं राहिलं. किया टेल्युराइड, २०२० ते २०२४ ची मॉडेलं, ४,६२,८६९ गाड्या. पुढच्या पॉवर सीटचं सरकवायचं बटण धक्का लागून अडकलं तर मोटर चालूच राहते, तापते आणि पेटू शकते. सीटखाली आग लागल्याची एक घटना आणि मोटरपाशी भाग वितळल्याच्या सहा नोंदी होत्या. कंपनीने सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतींपासून लांब लावा. दुरुस्ती काय, तर बटणाच्या मागच्या आवरणाला एक ब्रॅकेट आणि नवीन बटण. काही रुपयांचा, बरं, काही डॉलरचा तुकडा.

आमच्या ओळखीत दोन टेल्युराइड आहेत. एकाने पत्र उघडलंच नव्हतं. क्रेडिट कार्डच्या जाहिरातींबरोबर ते कचऱ्यात गेलं. वर त्यांची गाडी रोज गॅरेजमध्ये आणि गॅरेजच्या वरच्या खोलीत मुलगी झोपते. मी सांगितल्यावर वहिनींनी जी नजर टाकली त्यांच्याकडे, ती मी इथे लिहीत नाही.

इथे एमबीएवाल्याला गप्प बसवत नाही. आमच्या वर्गात सत्तरच्या दशकातल्या फोर्ड पिंटोची केस शिकवत. पेट्रोलची टाकी, दर गाडीमागे ११ डॉलरची दुरुस्ती, आणि एका माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून मांडलेला हिशेब. १९७७ मध्ये तो कागद छापून आला आणि देशभर संताप उसळला. नीट वाचलं तर तो कागद सरकारी खात्यासाठी केलेला होता, त्यातला हिशेब सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या धरून होता आणि गाडी उलटल्यावर होणाऱ्या आगीबद्दल होता, एकट्या पिंटोला मागून बसणाऱ्या धडकेबद्दल नव्हता. तरीही हिशेब तर खराच होता. माझं स्वतःचं मत असं की सीट हीटरच्या बाबतीत कुणी असा दुष्ट कागद लिहिलेला नसणार. तिथे कुणी हिशेबच मांडला नाही. आमच्या धंद्यात प्रॉडक्ट टेस्ट होतं ते तिशीतल्या, तब्येतीने ठणठणीत इंजिनिअरवर. एकाहत्तर वर्षांचा, पायाला मुंग्या येणारा, "बरं वाटतंय रे" म्हणणारा माणूस टेस्ट केसमध्ये नसतो. मी स्वतः कितीतरी सिस्टिम अशाच गो-लाइव्ह केल्या आहेत.

कुणाच्याच लक्षात आलं नाही असंही नाही. २०११ च्या फेब्रुवारीत वाहन सुरक्षेवर काम करणाऱ्यांनी आणि भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून एनएचटीएसएला लिहिलं. त्यांच्या हाताखालून अर्धांगवायूचे आणि मधुमेहाचे रुग्ण गेले होते, तिसऱ्या पायरीपर्यंत भाजलेले, कातडी लावावी लागलेले. मागणी साधी होती: सीट किती तापावी याला कमाल मर्यादा घाला आणि ठरावीक वेळाने ती आपोआप बंद होऊ द्या. त्या पत्राचा नियम झाला नाही. काही कंपन्यांनी आपणहून टायमर घातले, काही गाड्यांत सीट आपोआप एकेक पायरी खाली येते, काहींत तुम्ही बंद करेपर्यंत चालू राहते. आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत सूचना मात्र बहुतेक सगळ्यांनी घातली: ज्यांना उष्णता जाणवत नाही त्यांनी वापरू नये, सीटवर ब्लँकेट, उशी टाकू नये. माझ्या गाडीच्याही पुस्तिकेत ती सूचना होती. ग्लव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, न फोडलेल्या.

ज्या कंपन्यांना सीट कधी बंद करायची हे ठरवता आलं नाही, त्यातल्या एकीला सीट कधी चालू करू द्यायची हे मात्र जमलं. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीट महिन्याच्या वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. तार सीटमध्ये आधीच घातलेली, पैसे भरले की सॉफ्टवेअर कुलूप काढणार. लोक इतके भडकले की वर्षभरात त्यांनी तो नाद सोडला. पण त्यातून एक सिद्ध झालं: सीटला सॉफ्टवेअरने बांधता येतं. मग वीस मिनिटांनी बंद करायलाही येतं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण काळजी कुठे घ्यायची ते त्यावरून कळतं. गरम सीट म्हणजे कापडाखाली, फोमवर पसरलेली पातळ चटई, तिच्यात नागमोडी तार किंवा कार्बनचे धागे, आणि तापमान बघणारा एक छोटा सेन्सर. सेन्सर एकाच जागी असतो. तुम्ही मागची कार सीट बसवताना पुढच्या सीटवर गुडघा टेकवून सगळं वजन टाकलंत, की तार दुमडू किंवा तुटू शकते. मग सेन्सरला सगळं ठीक दिसतं आणि दोन इंच पलीकडे एक ठिपका तापत असतो. सीटवर चहा सांडणं, कव्हर अडकवायला सेफ्टी पिन टोचणं, गोधडी किंवा जाड गादी टाकून उष्णता आत कोंडणं, सगळं याच जातीचं. एकाच जागी चटका बसतोय, कापड तपकिरी पडतंय किंवा जळका वास येतोय असं वाटलं तर ते बटण पुन्हा दाबू नका, फ्यूज काढून घ्या आणि दुरुस्तीला न्या. पॉवर सीटचं म्हणाल तर तिच्याखालून जाड वायरचा झुपका जातो. सीटखाली कोंबलेली छत्री, बाटली, बॅडमिंटनची रॅकेट सीट सरकताना त्यात अडकते आणि वायरचं आवरण घासलं जातं. त्याच झुपक्यात पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगचे; त्यांना हात लावू नका, यूट्यूब काहीही सांगो.

रिकॉल बघायला डीलरकडे जावं लागत नाही. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात १७ अक्षरांचा क्रमांक असतो, तो एनएचटीएसएच्या साइटवर टाकला की तुमच्या गाडीचं न केलेलं रिकॉल दिसतं आणि दुरुस्ती फुकट होते. दुसऱ्याकडून जुनी गाडी घेतली असेल तर हे आधी करा, कारण पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. मुलाला कॉलेजसाठी घेतलेली ती स्वस्तातली गाडी, हो, तीच. भारतात तुमच्या आई-वडिलांची गाडी असेल तर तिथेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार मिळाला आहे. त्याआधी सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं.

आणि आई-बाबा आले की एक काम करा. विमानतळावरून आणतानाच, पहिल्या दिवशी, त्यांच्या बाजूचं बटण त्यांना दाखवा. आपण गाडी चालवता चालवता प्रेमाने त्यांची सीट गरम करून टाकतो आणि त्यांना ती कुठून बंद होते तेच माहीत नसतं. वीस तासांच्या प्रवासाने ते दमलेले असतात, झोपून जातात. मधुमेह असेल तर बटणाला हात लावू नका, गाडीचा साधा हीटर पुरतो. अंग वरून गरम होतं, आणि हवा नको झाली तर ते स्वतः सांगतात. काही गाड्यांत थंडीत सीट आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, स्क्रीनच्या तिसऱ्या-चौथ्या मेनूत लपलेली. ती बंद करून ठेवा.

बाबा गेल्या नोव्हेंबरात पुन्हा आले होते. मांडीवर डाग राहिलाय, फिकट, साधारण गुजरातच्या नकाशासारखा, असं ते स्वतःच सांगतात. गाडीत बसले, पट्टा लावला आणि सीटखाली हात घालून चाचपून बघितलं. मी विचारलं, "काय बघताय बाबा?" तर म्हणाले, "शेगडी विझलीय ना ते."